साफ केलेल्या वाटेवरचा बर्फ : घराभोवतीच्या हिमसफाईचे एक प्रकरण

हिमवर्षाव थांबून एक दिवस झाला होता. वाट खरडून साफ केलेली, पायऱ्या झाडलेल्या, वर मीठही टाकलेले. तरी सकाळी सात वाजता त्याच वाटेवर पार्सल घेऊन आलेला माणूस घसरला आणि तोल सावरायला टेकलेल्या हाताचे मनगट मोडले. ज्या बर्फावरून तो घसरला तो आभाळातून पडलेला नव्हता. आदल्या दुपारी त्याच आवारात वितळलेल्या पाण्याचा तो रात्रीतून तयार झाला होता.

पुढची मांडणी एका नमुना घराची आहे. यातली प्रत्येक चूक कुठल्या ना कुठल्या घरी नेहमी होते. इथे त्या मुद्दाम एकाच अंगणात आणल्या आहेत, म्हणजे एकीतून दुसरी कशी निघते ते दिसेल. शब्दांपुरता एक खुलासा: भुसभुशीत पडते ते हिम आणि जमिनीला घट्ट धरून बसतो तो बर्फ. हिम हा वजनाचा प्रश्न आहे, बर्फ हा पाण्याचा.

जागा आणि ते तीन दिवस

घराचे तोंड उत्तरेला. दारापुढे तीन पायऱ्या, तिथून फाटकापर्यंत 9 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद काँक्रीटची वाट. बाजूला 12 मीटर लांब, 3 मीटर रुंद ड्राइव्हवे, म्हणजे गाडीची वाट. सगळे आवार पूर्वेकडून पश्चिमेकडे हलके उतरते, म्हणजे वाटेची पूर्वेची कड वरची आणि पश्चिमेची खालची. छपराच्या पुढच्या उताराचे पाणी पन्हळीतून दोन उभ्या पाइपांत जाते. त्यातल्या एकाचे तोंड वाटेच्या पूर्वेला, काँक्रीटपासून हातभर अंतरावर उघडते. उन्हाळ्या-पावसाळ्यात कोणाला ते खुपले नव्हते, कारण पाणी वाटेवरून वाहून पलीकडच्या गवतात मुरून जायचे.

पहिल्या रात्री 18 सेंटिमीटर हिम पडले, तापमान उणे 4 अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या साठीच्या गृहस्थांनी फावडे आणि स्नोब्लोअर (हिम ओढून दूर फेकणारे यंत्र) घेऊन तीन तासांत सगळे उरकले. दुपारी ऊन पडले, पारा 2 अंशांवर गेला आणि पागोळ्या गळू लागल्या. चारच्या सुमारास वाट ओली दिसली म्हणून त्यांनी तिच्यावर दीड किलो जाडे मीठ फेकले. रात्री आभाळ मोकळे झाले आणि पारा उणे 12 वर उतरला.

सकाळी वाटेवर काय होते

पाइपाच्या तोंडापासून पंख्यासारखा पसरत गेलेला एक थर. तोंडापाशी बोटभर जाड, वाटेच्या मधोमध जेमतेम 2 मिलिमीटर, पश्चिमेच्या कडेला नखाएवढा पातळ. खालचे काँक्रीट त्यातून जसेच्या तसे दिसत होते, अगदी जोडाच्या रेघेसकट. उभ्याने पाहिले तर ती नुसती ओल वाटे. गुडघ्यावर बसून तिरकस पाहिल्यावरच चकाकी कळत होती. पंख्याच्या पूर्वेच्या कडेला मिठाचे काही खडे अर्धवट रुतलेले होते आणि प्रत्येकाभोवती वाटाण्याएवढा खळगा पडला होता. एवढेच काय ते मिठाने साधले होते.

हे चटकन पटत नाही, म्हणून हिशेब मांडू. 4 चौरस मीटरवर 2 मिलिमीटरचा थर धरायला फक्त 8 लिटर पाणी लागते, अर्धी बादली. आता छपराकडे पाहा. पुढचा उतार 60 चौरस मीटरचा, त्यावर 18 सेंटिमीटर हिम. ताजे हिम घनमीटरला साधारण 100 किलो भरते, म्हणजे छपरावर हजार किलोहून जास्त पाणी गोठून बसले होते. त्यातले तिसरा हिस्सा त्या दुपारी वितळले आणि दोन पाइपांत सारखे वाटले गेले असे धरले, तरी एका पाइपातून पावणेदोनशे लिटर पाणी वाटेच्या कडेला आले. अर्ध्या बादलीने जिथे मनगट मोडते, तिथे नऊ-दहा बादल्या ओतल्या गेल्या होत्या.

दुसरा स्रोत त्यांच्या हातचा होता. वाटेवरचे हिम उचलून त्यांनी पूर्वेला टाकले, कारण त्या बाजूला फेकायला जागा मोकळी होती. ढीग वरच्या अंगाला आणि वाट खालच्या. उन्हाने ढिगाचा पाया पाझरू लागला की ते पाणी वाटेवरूनच उतरणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे झाले: सगळी मेहनत वाटेच्या पृष्ठभागावर, आणि पाणी येत होते शेजारून आणि वरून.

मीठ का हरले

मीठ बर्फाला उष्णता देत नाही. ते पाण्यात विरघळून पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते, आणि किती खाली नेईल हे द्रावणातल्या मिठाच्या प्रमाणावर ठरते. म्हणून एका किलो मिठाची ताकद तापमानाबरोबर झपाट्याने घटते. उणे 1 अंशाच्या आसपास एक किलो मीठ सुमारे 46 किलो बर्फ वितळवू शकते, उणे 7 ला साडेआठ, उणे 9 ला सहा आणि उणे 12 ला पाचच्याही आत. शिवाय थंडीत हे काम फार रेंगाळते. प्रयोगशाळेत मीठपाणी उणे 21 अंशांपर्यंत द्रव राहते हे खरे, पण त्यासाठी द्रावणात 23 टक्के मीठ लागते. अंगणात उणे 9 च्या खाली साध्या मिठाच्या भरवशावर राहू नये.

या घरी मीठ चार वाजता पडले तेव्हा पारा शून्याच्या वर होता, म्हणून सुरुवातीला सगळे छान दिसले. पण पागोळ्या सहापर्यंत गळत होत्या. येणाऱ्या पाण्याने मीठ धुवून पश्चिमेच्या गवतात नेले आणि वाटेवर उरले ते पातळ खारे पाणी. ते 3 टक्क्यांचे होते असे समजा, म्हणजे जवळपास समुद्राच्या पाण्याएवढे खारट. समुद्राचे पाणी उणे 1.9 अंशाला गोठू लागते. उणे 12 ला द्रव राहायचे तर 16 टक्के मीठ हवे, म्हणून 3 टक्क्यांच्या द्रावणातला चार-पंचमांश भाग बर्फ होऊन बसतो.

दीड किलो कमी पडले, पाच टाकायला हवे होते, हा निष्कर्ष सगळेजण काढतात आणि तो चुकीचा आहे. 11 चौरस मीटरला दीड किलो म्हणजे चौरस मीटरला जवळपास 140 ग्रॅम. खरडून झालेल्या जागेवर एक मोठा चमचा, 15 ते 20 ग्रॅम, पुरेसा असतो. हट्टी पापुद्र्याला 40. जादा मीठ बर्फाशी न झुंजता कुंपणाच्या झुडपांत, कुत्र्याच्या पंजांत आणि काँक्रीटच्या छिद्रांत जाते. तिथून ते विहिरी-नाल्यांत पोचते, आणि क्लोराइड एकदा पाण्यात गेले की आपोआप नष्ट होत नाही.

थंडी खरोखर कडक असेल तर कॅल्शियम क्लोराइड वापरावे. ते ओलावा ओढून घेते, विरघळताना उष्णता सोडते आणि उणे 25 च्या आसपासही काम करते. हातमोजे मात्र हवेत, आणि जास्त झाले तर मागे तेलकट चिकट ओल राहते, तीही घसरवते. मॅग्नेशियम क्लोराइड उणे 15 पर्यंत ठीक. त्याहून साधा उपाय म्हणजे बर्फ वितळवण्याचा नाद सोडून पायाला पकड द्यायची: 1 ते 4 मिलिमीटरची कोनदार वाळू किंवा बारीक खडी पसरायची. ती कुठल्याही तापमानाला चालते. गोलसर दाण्याची वाळू नको, ती पायाखाली गोळ्यांसारखी फिरते. खतातले अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट तर काँक्रीटवर कधीच टाकू नये, ती काँक्रीट खातात. आणि काँक्रीट नुकतेच ओतलेले असेल तर पहिल्या हिवाळ्यात कोणतेच मीठ नको, फक्त वाळू. नाहीतर वसंतात वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो.

उकळते पाणी ओतण्याचा सल्ला अजून दिला जातो. त्याने दोन मिनिटे मोकळी आणि पुढची रात्रभर आरशासारखी वाट मिळते.

त्या सकाळचे तीन तास

पाण्याचा दोष छपराचा, पण माणूस थकला तो हिमाच्या वजनाने, आणि थकल्यामुळेही ढीग जवळ पडला. वाट आणि ड्राइव्हवे मिळून 47 चौरस मीटर. 18 सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरला 18 किलो, एकूण जवळपास साडेआठशे किलो. सगळे फावड्याने, पाच पाच किलोंनी उचलायचे तर 170 वेळा वाकायचे. सकाळी सहाला भुसभुशीत असताना फावडेभर हिम दोन किलोंचे असते. दहा वाजता ते दबून, ओलसर होऊन घट्ट झाले की तेवढेच फावडे आठ किलो भरते. एकूण वजन तेच, पण हात जुन्या अंदाजाने फावडे तुडुंब भरत राहतो. कंबर धरते ती इथे.

हृदयाचा धोका याहून गंभीर. थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हातांचे काम हृदयावर पायांपेक्षा जास्त भार टाकते, आणि जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखतो. ज्याला हृदयविकार आहे किंवा वर्षभर व्यायामाची सवय नाही त्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. करायचेच तर आधी घरात पाच-दहा मिनिटे हालचाल करून अंग गरम करावे, दर 15 ते 20 मिनिटांनी थांबावे, जेवल्या जेवल्या बाहेर पडू नये. छातीत आवळणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, विचित्र घाम यांपैकी काहीही जाणवले तर फावडे तिथेच टाकून मदत बोलवायची. एवढी ओळ संपवून येतो, असे म्हणायचे नाही.

यातला बराच भार टाळता आला असता. हिम रात्रभर पडणार हे ठाऊक होते. झोपण्याआधी एकदा, पहाटे एकदा आणि थांबल्यावर एकदा, असे 6-6 सेंटिमीटरचे तीन थर काढले असते तर उचलायची गरजच नव्हती, रुंद फावड्याने नुसते ढकलत नेता आले असते. ढकलताना दांडा छातीपर्यंत उंच हवा, म्हणजे पाठ वाकत नाही. पात्याला मेण किंवा सिलिकॉनचा फवारा मारला की हिम चिकटत नाही. उचलावेच लागले तर गुडघे वाकवून, अर्धे फावडे भरून, आणि टाकायच्या दिशेला पाय वळवून टाकायचे. कंबरेतून पिळून खांद्यावरून मागे भिरकावणे ही मणक्याला इजा करण्याची सगळ्यात सोपी रीत आहे. सुरुवात दारापासून करायची. गाडी काढून किंवा इकडून तिकडे चालून हिम आधी तुडवले की पावलांचे ठसे दाबून बर्फ होतात आणि मग पहार लागते.

स्नोब्लोअर आणि भिंतीतला पाइप

त्याच सकाळी आणखी दोन गोष्टी घडल्या. दोन्ही निभावल्या.

ओलसर हिमाने यंत्राची हिम फेकायची नळी तुंबली. गृहस्थांनी इंजिन बंद केले आणि हात घालणार इतक्यात शेजाऱ्याने थांबवले. इंजिन बंद असले तरी अडकलेल्या पंख्यात आणि पट्ट्यात ताण साठलेला असू शकतो. गोळा सुटताच पाते एक झटका फिरते, आणि बोटे जायला तेवढा झटका पुरतो. क्रम असा: इंजिन बंद, किल्ली किंवा स्पार्क प्लगची वायर काढलेली, सगळे फिरणे थांबेपर्यंत वाट पाहणे, मग यंत्रासोबत येणारी प्लास्टिकची सफाईकाठी किंवा झाडूचा दांडा. हात कधीच नाही, हातमोजा घालूनही नाही. दगड अडकून शिअर पिन, म्हणजे पाते दांड्याला जोडणारी खीळ, तुटली तर त्याच मापाची शिअर पिनच बसवायची. ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी साधा बोल्ट घातला की पुढचा दगड गिअरबॉक्स फोडतो. खालचे सरकपट्टे असे लावावेत की यंत्राची खालची कड काँक्रीटपासून 3 मिलिमीटर उंच राहील, खडीच्या वाटेवर 25 ते 30, नाहीतर यंत्र खडी उचलून खिडकीवर मारते. पेट्रोल भरायचे ते इंजिन गार झाल्यावर, आणि यंत्र गॅरेजमध्ये चालू करायचे नाही, दार उघडे असले तरी.

दुसरी गोष्ट जास्त भयंकर ठरली असती. ड्राइव्हवेच्या कडेच्या भिंतीतून घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या धुराचा पांढरा प्लास्टिक पाइप बाहेर येतो, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. यंत्राने फेकलेले हिम नेमके त्यावर जाऊन बसले. बॉयलर थोड्या वेळाने आपोआप बंद पडला, म्हणून कोणीतरी बाहेर जाऊन पाहिले. सुरक्षा यंत्रणा चालली हे नशीब. न चालती तर कार्बन मोनॉक्साइड आत जमला असता, आणि त्याला ना रंग ना वास. हिवाळ्यापूर्वी अशा प्रत्येक पाइपाशेजारी उंच रंगीत काठी रोवावी आणि भोवतालची मीटरभर जागा सगळ्यात आधी, वाटेच्याही आधी, मोकळी करावी. गॅसच्या मीटरवरचे हिम हाताने किंवा कुंच्याने झाडायचे, फावड्याने ठोकायचे नाही. झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

काय बदलले

आधी ढिगांची जागा. सगळे हिम आता पश्चिमेला, उताराच्या खालच्या अंगाला जाते. चार पावले जास्त चालावी लागतात, पण वितळलेले पाणी वाटेपासून दूर पळते. ड्राइव्हवेचे हिम फाटकाजवळ रचत नाहीत, कारण तिथला उंच ढीग रस्त्यावरची गाडी झाकतो. रस्त्याच्या कडेचे जलनिस्सारणाचे जाळीदार तोंड आणि अग्निशमनाचा नळ मोकळे ठेवतात.

मग पन्हळ. पाइपाला जमिनीवरून 2 मीटरची जोडनळी लावून पाणी वाटेच्या पूर्वेलाच आणखी दूर सोडावे, असा पहिला विचार होता. तो सोडला, कारण उतार वाटेकडेच आहे. वाटेखालून नळी पुरण्याचाही विचार झाला, पण उथळ पुरलेली नळी आतून गोठते आणि पाणी पुन्हा वर येते. शेवटी पन्हळीचा ढाळच बदलून सगळे पाणी पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या पाइपाकडे वळवले आणि पूर्वेचा पाइप काढून टाकला. या प्रकरणात सगळ्यात जास्त गुण आला तो याच कामाला, आणि त्यात हिमाला हातही लावावा लागला नाही.

छपराच्या कडेला हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबत होते. ते शोभेला चांगले दिसतात, पण माळ्यातून उष्णता गळते आहे, छपराचे हिम खालून वितळते आहे आणि थंड वळचणीवर येऊन पुन्हा गोठते आहे, एवढे ते सांगतात. कडेला तो बांध वाढला की मागे साचलेले पाणी कौलांखालून घरात उतरते. कायमचा उपाय माळ्याच्या जमिनीवर पुरेसा उष्णतारोधक थर, दिव्यांच्या आणि नळ्यांच्या फटी बुजवणे आणि वळचणीतून हवा खेळती ठेवणे. तात्पुरता उपाय म्हणून जुन्या लांब मोज्यांत कॅल्शियम क्लोराइड भरून ते बांधावर आडवे न ठेवता, छपराच्या उताराच्या दिशेने ठेवतात, म्हणजे पाण्याला निघायला चर पडते. लांब दांड्याच्या खोऱ्याने कडेचे दीड-दोन मीटर हिम जमिनीवरून ओढावे आणि शेवटचे बोट-दोन बोटे राहू द्यावे, म्हणजे कौल खरवडत नाही. ओढताना बाजूला उभे राहायचे, खाली नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर धातूचा दांडा नको आणि 3 मीटर अंतर राखायचे. कुऱ्हाड, हातोडा आणि गोठलेल्या जमिनीवरची शिडी, तिन्ही वर्ज्य.

मीठ आता वजन करून टाकतात, आणि बहुतेक वेळा हिम पडण्याआधी. 10 लिटर पाण्यात 3 किलो मीठ विरघळवले की सुमारे 23 टक्क्यांचे द्रावण होते. कोरड्या काँक्रीटवर चौरस मीटरला 40 मिलिलिटरप्रमाणे त्याचे पट्टे मारले की या वाटेला अर्धा लिटरही लागत नाही. हिम मग जमिनीला चिकटून बसत नाही, फावड्याखाली अख्खे सुटते. आधी पाऊस आणि मग हिम असा अंदाज असेल तर हे करू नये, सगळे धुवून जाते. संध्याकाळी पारा उणे 9 च्या खाली जाणार असेल तर मिठाचा डबा आतच राहतो आणि दाराशी वाळूचे घमेले ठेवले जाते.

शेवटचा बदल वेळेचा. सगळ्यात धोक्याची वेळ हिमवर्षावानंतरची सकाळ असेल असे वाटते, पण या घरी ती वितळणीनंतरची सकाळ ठरली. म्हणून आता ऊन पडलेल्या दिवशी चारच्या सुमारास कोणीतरी वाटेवरून पाणी कुठून येते ते पाहत फिरते, उभे पाणी रबरी पट्टीच्या पुसण्याने उताराखाली ओढते आणि मगच वाळू किंवा मीठ टाकते. चालताना पावले आखूड, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. बुटांना अडकवायचे खिळे दाराशी काढतात, कारण आतल्या गुळगुळीत फरशीवर तेच खिळे घसरतात.

पुढच्या वितळणीला वाट कोरडी राहिली. वरून दुसऱ्या पायरीवर मात्र सकाळी तळहाताएवढा चकाकता डाग दिसला. दारावरच्या छज्ज्याच्या कडेतून एकच थेंब रात्रभर त्याच जागी पडत होता. छज्ज्याला हातभर पन्हळ बसेपर्यंत त्या पायरीवर खरखरीत रबराची पट्टी ठोकली आहे, आणि कठडा नसलेल्या बाजूला एक दोर बांधला आहे.